गिरवणे आणि चुकणे

ज्या संगीताचे नावच मोटार ठेवण्याच्या खोलीवरून पडले, त्याविषयी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावीत काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती माझ्याही मनात आली होती. १९६३ पासून पुढची चारपाच वर्षे अमेरिकेतल्या लहानमोठ्या गावांत शाळकरी वयाच्या मुलांनी घरच्या गॅरेजमध्ये, नाहीतर तळघरात, गिटारी, ड्रम आणि एखादा स्वस्त ऑर्गन घेऊन जो गलका केला, त्याला पुढे ‘गॅरेज रॉक’ हे नाव मिळाले. हे नाव मागाहून मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या मुलांना काही नवा पंथ काढायचा नव्हता. त्यांना बीटल्स व्हायचे होते, रोलिंग स्टोन्स व्हायचे होते, आणि ते त्यांना जमले नाही. या न जमण्याचाच पुढे एक संप्रदाय झाला. त्यांच्या तबकड्या जमवणारे, त्यांच्यासारखे कपडे अंगावर चढवणारे आणि त्यांची गाणी पुन्हा वाजवणारे भक्त जगभर निर्माण झाले. या भक्तीत खरे किती आणि पोकळ किती, याचा थोडा विचार मला करायचा आहे.

माझे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही आणि पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र मला येत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला हा नाद लावला. परंतु अनुकरण हा विषय मला परका नाही. शिक्षक म्हणून मी तो रोज वर्गात पाहतो, आणि कादंबरीकार म्हणून त्याचे चटके मी स्वतः सोसले आहेत. तेवढ्या अधिकारावर हे लिहीत आहे.

या साऱ्या प्रकाराचे बीज एका गाण्यात सापडते. लॉस एंजेलिसच्या रिचर्ड बेरी या कृष्णवर्णी गायकाने रचलेल्या ‘लुई लुई’ या गाण्याची तबकडी १९५७ साली निघाली. एक खलाशी गुत्त्यातल्या माणसाजवळ आपल्या दूर राहिलेल्या प्रेयसीची आठवण काढतो, एवढाच त्याचा विषय. पुढे लग्नाच्या खर्चासाठी बेरीने त्याचे हक्क साडेसातशे डॉलरांना विकून टाकले. १९६१ साली टॅकोमा गावच्या रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सने वेलर्स या बँडच्या साथीने ते गायिले, आणि अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या पोरांनी ती तबकडी अक्षरशः गिरवून काढली. त्यांतल्याच किंग्जमेन नावाच्या बँडने ६ एप्रिल १९६३ रोजी पोर्टलंड येथे ते गाणे मुद्रित केले. मायक्रोफोन वर टांगलेला, त्यामुळे गायक जॅक इली मान उंच करून ओरडत होता. शब्द कोणालाच कळेनात. मधल्या गिटारीच्या तुकड्यानंतर तो थोडा आधीच सुरू झाला, चूक उमगताच थांबला, आणि ड्रमवाल्याने त्या फटीत चार ठोके भरून वेळ मारून नेली. ही चूक तबकडीवर तशीच राहिली.

ते गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. जे शब्द कळत नाहीत ते अश्लीलच असणार, अशा तक्रारी झाल्या. एफ. बी. आय. या केंद्रीय तपास खात्याने रीतसर चौकशी केली आणि शब्दांचा अर्थ लागत नाही, एवढ्या निष्कर्षावर ती थांबली. काव्यसमीक्षेत इतका प्रामाणिक अभिप्राय सरकारी खात्याकडून क्वचितच मिळतो. गंमत अशी की, त्याच महिन्यात त्याच स्टुडिओत पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स या बँडनेही हेच गाणे मुद्रित केले होते, आणि ते किंग्जमेनपेक्षा पुष्कळच नीटनेटके आहे. तरीही चाहते जीव टाकतात ते किंग्जमेनच्या तबकडीवर. चुकीसकट टाकतात, किंबहुना चुकीसाठीच टाकतात.

असे का व्हावे? माझे उत्तर असे. अनुकरण करणारा जेथे तंतोतंत उतरतो, तेथे आपल्याला मूळ दिसते. तो जेथे घसरतो, तेथे तो स्वतः दिसतो. इंग्लंडच्या मुलांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णी गायकांचे अनुकरण केले आणि ते थोडे चुकले; त्यातून त्यांचा स्वतंत्र बाज तयार झाला. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दिसल्यावर तिकडच्या पोरांनी त्या चुकलेल्याचे अनुकरण केले आणि ती आणखी चुकली. मिशिगनमधल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांचा ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्स’ हा बँड पाहा. त्यांचे ‘९६ टिअर्स’ १९६६ साली पहिल्या क्रमांकावर गेले. ऑर्गनचा एक साधा तुकडा त्यात पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच्यावर अवहेलना झालेल्या मुलाचा रुसवा आणि सूड बोलत राहतो. अधिक कसब असते तर तो तुकडा सजला असता आणि रुसवा झाकला गेला असता.

आता भक्तांकडे वळू. त्यांच्यात पहिला मान संग्राहकाचा, आणि तो मी मनापासून देतो. ही गाणी बहुधा पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान तबकड्यांवर निघत. कित्येकांच्या प्रती काहीशेच असत. गावच्या रेडिओवर चार आठवडे वाजायच्या आणि मग अडगळीत जायच्या. १९७२ साली इलेक्ट्रा कंपनीने ‘नगेट्स’ नावाचा दोन तबकड्यांचा संच काढला. त्यातली २७ गाणी लेनी के या तरुणाने निवडली होती. तो तबकड्यांच्या दुकानात काम करी, संगीतावर लिही, आणि पुढे पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवू लागला. त्यातली बरीचशी गाणी तेव्हा पाचसात वर्षांचीच होती. पण बाजाराच्या लेखी ती मेली होती. लेनी केने ती एकाशेजारी एक मांडली, आणि वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या पोरांचा एक स्वभाव प्रथमच ऐकू आला. निवडून शेजारी ठेवणे हीसुद्धा समीक्षाच आहे. आपल्याकडे कित्येक प्रबंधांतून जे साधत नाही, ते या दुकानातल्या नोकराने साधले. पुढे ‘पेबल्स’ आणि ‘बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’ या मालिका निघाल्या, आणि १९९८ साली ऱ्हायनो कंपनीने ‘नगेट्स’चा विस्तार ११८ गाण्यांपर्यंत नेला. संग्राहकांनी अडगळ उपसली नसती, तर यांतले फार थोडे उरले असते.

परंतु याच संग्राहकाला एक व्याधी जडते. तबकडीच्या कडेच्या रिकाम्या जागेत कोरलेले आकडे भिंगातून वाचून ती पहिल्या छपाईची आहे की मागाहूनची, हे तो ठरवतो. हे ज्ञान खोटे नाही. मात्र हळूहळू गाणे मागे पडते आणि दुर्मिळता पुढे येते. जी तबकडी कोणालाच नको होती म्हणून दुर्मिळ झाली, ती दुर्मिळ झाली म्हणून सर्वांना हवीशी वाटते. मग वाईट गाणेही चांगले ठरू लागते. ‘नगेट्स’मध्ये निवड होती, नंतरच्या कित्येक संग्रहांत नुसती जमवाजमव आहे.

वेषाचेही असेच. रेडर्स मंडळी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांचे डगले आणि तीन कोनी टोप्या घालीत. सॅन होजेचे काउंट फाइव्ह ड्रॅक्युलासारखे झगे पांघरीत. म्यूझिक मशीन या बँडचे सगळे जण काळे कपडे, काळे रंगवलेले केस आणि एकाच हातात काळा हातमोजा अशा थाटात उभे राहत. जर्मनीत नोकरीस असलेल्या पाच अमेरिकन सैनिकांनी लष्करातून सुटल्यावर तेथेच ‘मंक्स’ या नावाने बँड केला. डोक्याचा मध्य भादरलेला, अंगात काळे कपडे आणि गळ्यात टायऐवजी दोर. १९६६ सालची त्यांची ‘ब्लॅक मंक टाइम’ ही तबकडी ऐकली म्हणजे तो दोर उगाच नव्हता असे वाटते. वाद्ये ठोकल्यासारखी वाजतात, बँजोदेखील तालवाद्यासारखा खणखणतो. गोडवा म्हणून नाही. त्यांनी केस भादरले ते आपल्या काळातल्या लांब केसांच्या फॅशनच्या उलट दिशेने. त्यांचा वेष आणि त्यांचा आवाज एकच गोष्ट सांगत होते.

१९८० नंतरच्या कित्येक पुनरुज्जीवनवाद्यांचा वेष मात्र कपाळावरच्या झुलपापासून टोकदार बुटांपर्यंत बिनचूक असतो. तो पाहून मला शाळेच्या स्नेहसंमेलनातला शिवाजी आठवतो. दाढी बरोबर, जिरेटोप बरोबर. फक्त मुलगा दिसत नाही. याला सणसणीत अपवाद कॅलिफोर्नियाच्या ‘ममीज’ या बँडचा. १९८८ साली उभा राहिलेला हा बँड फाटक्या, मळक्या पट्ट्या अंगभर गुंडाळून, मोडकी वाद्ये घेऊन वाजवी, आणि सीडी काढायला त्याने वर्षानुवर्षे नकार दिला. जुन्याची पूजा करणाऱ्या साऱ्या पंथाचीच त्या पट्ट्यांत थट्टा होती: आम्ही प्रेते उकरतो ना, मग घ्या, आम्हीच प्रेते! स्वतःला हसू शकणाऱ्या भक्ताची भक्ती अजून जिवंत असते.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्याचे गाणे पुन्हा म्हणण्यात आहे. येथे मी दोन उदाहरणे शेजारी ठेवतो. रॉचेस्टरच्या चेस्टरफील्ड किंग्ज या बँडने १९८२ साली आपली पहिली मोठी तबकडी काढली. तिच्यात जुन्या, विसरलेल्या गाण्यांचीच पुनरावृत्ती आहे, आणि तिचे नावदेखील टॅकोमाच्या सॉनिक्स बँडच्या १९६५ सालच्या तबकडीच्या नावावर बेतलेले आहे. प्रेम अस्सल, मेहनत विलक्षण. पण ऐकताना राहून राहून वाटते की, मूळच का ऐकू नये? याच्या आदल्या वर्षी क्रॅम्प्स या बँडने ‘ग्रीन फझ’ हे गाणे म्हटले होते. टेक्सासमधल्या पोरांचे हे गाणे मुळात इतके कोंदट मुद्रित झाले आहे की, बंद कपाटात कोणी गात आहे असे वाटावे. क्रॅम्प्सचे लक्स इंटिरिअर आणि पॉयझन आयव्ही हे जोडपे हाडाचे संग्राहक. पण त्यांच्या बँडमध्ये तेव्हा बास गिटारच नव्हती. गाण्याचा तळच नाहीसा झाला, आणि त्या पोकळीत गायकाचा घोगरा आवाज निराळेच काही बोलू लागला. त्यांनी गाणे घेतले आणि आपल्या उणिवेतून ते ओवून काढले. चेस्टरफील्ड किंग्जनी मूळ चुका बिनचूक वठवल्या. चूक बिनचूक वठवली की ती चूक राहत नाही. ती अलंकार होते.

यावर आक्षेप येईल की, भक्ताने गिरवू नये तर काय करावे? बालगंधर्वांची पदे हुबेहूब म्हणण्यात आमच्या दोन पिढ्यांनी धन्यता मानली, ती काय वाया गेली? वाया गेली नाही. गिरवल्यावाचून अक्षर येत नाही, हे मी मास्तर म्हणून सांगतो. पण गिरवणे पुरे झाले की पाटी पुसावी लागते. हुबेहूब म्हणणाऱ्यांनी पदे आपल्यापर्यंत पोचवली, हे त्यांचे ऋण. नाट्यसंगीत पुढे नेले ते मात्र ज्यांना हुबेहूब म्हणणे साधले नाही किंवा पुरले नाही त्यांनी.

आपल्या देशाचाही या कथेला एक लहानसा धागा आहे. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला’ या सिगारेटच्या नावाने भारतातल्या बीट बँडांची स्पर्धा झाली आणि ‘सिमला बीट’ या नावाच्या दोन तबकड्या निघाल्या. शिलाँगच्या फेंटोन्ससारखे बँड त्यांवर आहेत. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर तेव्हा इकडे सहज मिळत नसत. पुष्कळदा कामचलाऊ साधनांवर भागवावे लागे. आपण त्या तबकड्या विसरलो. युरोपातल्या संग्राहकांनी त्या हुडकून पुन्हा काढल्या. त्यांना त्यात गोडी वाटली ती या मुलांचे इंग्रजी गाणे अस्सल उतरले म्हणून नव्हे. ते जेथे उतरले नाही, तेथे एक निराळी जागा ऐकू आली म्हणून. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये जे घडले, तेच येथेही घडले होते. ते ऐकायला आपल्याला मात्र परक्याचा कान लागला, याचे मला वाईट वाटते.

शेवटी थोडे स्वतःविषयी. माझी पहिली कादंबरी मी एका थोर कोकणी लेखकाच्या नादात लिहिली. माझे गाव दुष्काळी पट्ट्यातले. टँकर आला की शाळा लवकर सुटायची. आणि माझ्या कादंबरीत चार प्रकरणे पाऊस कोसळत होता! एका वयस्क शेतकऱ्याने ती वाचून मला विचारले, “गुरुजी, ह्यो पाऊस कुठला?” मला उत्तर देता आले नाही. त्या कादंबरीचे एकच पान आज मला वाचवते. तेथे त्या लेखकाची लांब, लयदार वाक्ये मला पेलली नाहीत, ती तुटली, आणि त्या तुटक्या वाक्यांतून आमच्या गावच्या बायका पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दिसतात.

तेव्हा मला ते पान कच्चे वाटले होते. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी ते दुरुस्त करायला घेतले होते. बरे झाले, दुसरी आवृत्ती निघाली नाही.