नाममुद्रा आणि अग्रेषण : माध्यम-साक्षरतेचा एक संहितानिष्ठ विचार

भ्रमणध्वनीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या मजकुराला ‘नवी मौखिकता’ म्हणण्याची प्रवृत्ती साहित्याभ्यासात दिसू लागली आहे. कर्ता अज्ञात, पाठ अस्थिर आणि प्रत्येक प्रसारक अंशतः कर्ता, ही लक्षणे वरकरणी जुळतात. परंतु या साम्यावर विसंबताना एक महत्त्वाचा भेद निसटतो. कीर्तनकार वा कथेकरी श्रोत्यांसमोर उभा असतो. तो काय सांगतो याबद्दल त्याला त्याच गावात, त्याच फडात विचारणा होऊ शकते. अग्रेषित मजकुराला असा उभा राहणारा कोणी नसतो.

जॉन स्ट्रॅटन हॉली यांनी १९८८ मध्ये उत्तर भारतीय भक्तिकाव्यासंबंधी असे प्रतिपादन केले, की पदातील नाममुद्रा ही आधुनिक अर्थाने लेखकत्वाची नव्हे, तर अधिकाराची खूण असते. सूरदासांच्या वा मीरेच्या नावाने नंतरच्यांनी पदे रचली, ती त्या नावाच्या छायेत राहून. नामदेवांच्या गाथेत विष्णुदासनाम्याची रचना मिसळली, तीही याच न्यायाने समजून घेता येते. मात्र परंपरेला नावाची सगळीच अदलाबदल चालत होती असे नाही. दुसऱ्याच्या शब्दांवर आपली मुद्रा उमटवणाऱ्या सालोमालोचे नाव वारकरी स्मृतीने तुकोबांच्या तक्रारीसह जपले आहे. समाजमाध्यमांत सालोमालोचा व्यवहार उलटा होतो. येथे स्वतःचे शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवले जातात. त्यात समर्पण नसते. नाव हा केवळ प्रवेशपरवाना असतो.

याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अब्राहम लिंकन यांनी मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्र. वसंत बापट यांच्या अनुवादामुळे ते महाराष्ट्रातील शाळांच्या भिंतींवर गेले आणि पुढे भ्रमणध्वनींवर आले. रॉय बेसलर यांनी संपादित केलेल्या लिंकन यांच्या आठ खंडांतील समग्र लेखनात (१९५३) हे पत्र नाही आणि लिंकन-अभ्यासक ते त्यांचे मानत नाहीत. गिडिओन टूरी यांनी ज्याला छद्म-अनुवाद म्हटले, त्या वर्गात ही संहिता नेमकी बसत नाही, कारण तिला इंग्रजी मूळ आहे. बनावट आहे ती मुळाची मालकी. म्हणजे अनुवाद खरा, अनुवादकही खरा, फक्त लेखक खोटा. प्रसाराच्या ओघात मात्र बापटांचे नाव अनेकदा गळते आणि लिंकनचे टिकते. ज्याने मराठी वाक्य घडवले तो पुसला जातो आणि ज्याने काहीच लिहिले नाही तो राहतो. तौलनिक अभ्यासकाला ही हानी गौण वाटू नये. हिंदीत सोहनलाल द्विवेदी यांची एक कविता हरिवंशराय बच्चन यांच्या नावावर इतकी रुळली, की बच्चन यांच्या पुत्राला जाहीर खुलासा करावा लागला. त्यानंतरही ती पूर्वीच्याच नावाने फिरत राहिली.

येथवरचा प्रश्न श्रेयाचा. तो जिवावरही बेततो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत अशा अफवा पसरल्या होत्या. त्यांच्याबरोबर फिरलेली एक चित्रफीत येथे विशेष विचारार्ह आहे. दुचाकीस्वार मूल उचलून नेतात असे तीत दिसते. मुळात ती कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी केलेली लघुफीत होती. तिच्या शेवटी मूल परत आणून दिले जाते आणि फलकावर संदेश येतो. प्रसारित पाठात नेमका हा शेवट कापलेला होता. एकही दृश्य नव्याने घातलेले नसताना केवळ छाटणीने उपदेशपर रूपकाचे ‘साक्षीपुरावा’ या प्रकारात रूपांतर झाले. वाङ्मयप्रकार ओळखण्यातील चूक इतकी महाग पडल्याची उदाहरणे विरळाच.

माध्यम-साक्षरतेचे प्रचलित उपक्रम ‘खरे की खोटे’ एवढेच विचारतात. कराचीच्या फितीपुढे हा प्रश्न पांगळा ठरतो. तीतील दृश्ये खोटी नव्हती, अभिनित होती. तेथे विचारायला हवे होते ते पाठचिकित्सेचे प्रश्न: आरंभ-शेवट शाबूत आहे काय, जुनी प्रत कोणती, नाव कोणी जोडले? या विद्येची भारतात भक्कम परंपरा आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने (आदिपर्व १९३३, पूर्तता १९६६) प्रक्षेप नष्ट केले नाहीत. ते टिपांत व परिशिष्टांत ठेवले, आणि कोणत्या हस्तलिखितात आढळले त्याच्या संकेतचिन्हासह. जबाबदार प्रसारणाचा याहून चांगला नमुना दाखवणे कठीण आहे.

या तुलनेत व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये सुरू केलेली ‘फॉरवर्डेड’ ही खूण तोकडी आहे. मजकूर प्रेषकाचा नाही एवढे ती सांगते. तो कोणाचा, याबद्दल ती मुकी राहते. त्याच सुमारास भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली. तिने वेग कमी झाला असेल, पाठ शुद्ध झाला नाही. ते काम यंत्रणेचे नव्हे, वाचकाचे आहे, आणि त्याची सुरुवात शाळेतल्या त्या भिंतीवरूनच होऊ शकते. पत्र काढून टाकण्याचे कारण नाही. त्याखाली ‘मूळ लेखक अज्ञात, मराठी अनुवाद : वसंत बापट’ एवढी ओळ घालता येईल, आणि ती का घातली हे सातवीच्या वर्गाला समजावता येईल.