दालनांची एकजूट आणि नवा संग्राहक

भारतीय चित्रकलेच्या बाजाराविषयी सर्वसाधारण वाचकापर्यंत जे पोहोचते ते बहुतेक सर्व लिलावगृहांतून आलेले असते. सप्टेंबर २०२३ मध्ये अमृता शेरगिल यांचे एक चित्र ६१.८ कोटी रुपयांना गेले, मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राला ६७ कोटींहून अधिक किंमत आली, या बातम्या सर्वत्र छापल्या गेल्या. परंतु हे आकडे दुय्यम बाजाराचे, म्हणजे एकदा विकल्या गेलेल्या कलाकृतीच्या पुनर्विक्रीचे आहेत. ज्या बाजारात हयात कलावंताची नवी कलाकृती पहिल्यांदा विकली जाते, त्या प्राथमिक बाजाराचे व्यवहार कलादालनांच्या आतील खोलीत, खाजगी बोलण्यातून होतात आणि त्यांची नोंद सार्वजनिक होत नाही. समकालीन कलेचे भवितव्य मात्र या अबोल प्राथमिक बाजारावरच अवलंबून असते, कारण लिलावातील विक्रमाचा एक रुपयाही सहसा कलावंताच्या किंवा त्याच्या वारसांच्या हाती पडत नाही.

मुंबईत हा प्राथमिक बाजार दीर्घकाळ काही थोड्या व्यक्तींच्या चिकाटीवर चालला. प्रोग्रेसिव्ह गटातील चित्रकारांना १९४०च्या दशकात जे पहिले पाठिराखे लाभले, ते युरोपातून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे होते. केकू गांधी यांनी चित्रचौकटींच्या आपल्या व्यवसायाच्या आधाराने या चित्रकारांची कामे लोकांसमोर मांडली. १९५९ मध्ये बाल छाबडा यांनी ‘गॅलरी ५९’ चालवून पाहिली. आणि १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ‘केमोल्ड’ व फ्लोरा फाउंटनजवळ ‘पंडोल’ ही दालने उभी राहिली. खरेदीदारही मोजकेच होते. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी आणि एअर इंडियाने आपल्या कार्यालयांसाठी जी चित्रे घेतली, ती वजा केली तर त्या काळच्या संग्राहकांची यादी फार लांब होणार नाही. अशा परिस्थितीत दालनांनी एकत्र येण्याची गरज कोणाला भासली नाही यात नवल नाही, कारण गिऱ्हाईक ओळखीचे होते आणि त्याचे मन वळविणे हे प्रत्येकाचे खाजगी कौशल्य समजले जाई.

संस्था मुंबईत नव्हत्या असे नव्हे. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांची वार्षिक प्रदर्शने व पारितोषिके यांनी कित्येक पिढ्या घडविल्या. परंतु त्या कलावंतांच्या संस्था होत. दालनांची संघटना ही निराळी गोष्ट आहे, कारण तिचे सभासद परस्परांचे स्पर्धक असतात आणि तरीही काही कामे एकट्याने होत नाहीत हे त्यांना मान्य करावे लागते. लंडनच्या विक्रेत्यांनी १९३२ मध्ये, पॅरिसच्या दालनांनी १९४७ मध्ये आणि अमेरिकेतील विक्रेत्यांनी १९६२ मध्ये अशा संघटना बांधल्या. अमेरिकन संघटनेचे सभासदत्व मागून नव्हे, तर निमंत्रणाने मिळते. सभासद होणे हीच प्रतिष्ठेची बाब होऊन बसल्यामुळे अनोळखी गिऱ्हाईकाला आपण कोणाच्या दारात उभे आहोत याचा अंदाज बांधता येतो. संघटना त्याच्यासाठी जे काही करते त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित हीच असेल.

मुंबईत एकजुटीची वाट वेगळ्या बाजूने आली. २००८च्या आर्थिक मंदीपूर्वी समकालीन भारतीय कलेच्या किंमती सट्ट्याच्या वेगाने चढल्या होत्या, गुंतवणुकीसाठी खास कला-निधी निघाले होते, आणि मंदीबरोबर ही सगळी गुंतवणूकदार मंडळी बाजारातून नाहीशी झाली. उरलेल्या दालनांपुढे नवा, पाहण्यासाठी येणारा आणि टिकणारा संग्राहक तयार करण्याचा प्रश्न होता. दर महिन्याच्या एका गुरुवारी दालने रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा उपक्रम आणि २०१२ मध्ये सुरू झालेला ‘मुंबई गॅलरी वीकेंड’ ही त्या प्रश्नाची उत्तरे होती. आता ‘मुंबई गॅलरी असोसिएशन’च्या वतीने जानेवारीत भरणाऱ्या या वीकेंडला सहभागी दालने आपली नवी प्रदर्शने एकाच सुमारास उघडतात, रविवारीही दार बंद ठेवत नाहीत, नकाशा व वेळापत्रक एकत्रित काढतात आणि कलावंतांच्या उपस्थितीत चित्रांची ओळख करून देणाऱ्या फेऱ्या आयोजित करतात. नोव्हेंबर २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरणारा ‘आर्ट मुंबई’ मेळा किंवा २००८ पासूनचा दिल्लीचा कलामेळा यांच्याशी या वीकेंडची तुलना केली तर फरक ध्यानात येतो: मेळ्यात दालनाला जागेचे भाडे भरावे लागते, त्यामुळे खात्रीने विकेल तेच टांगण्याकडे कल होतो, तर स्वतःच्या भिंतींवर त्याला एका कलावंताचे सबंध प्रदर्शन, न विकले जाणारे व्हिडिओ-काम किंवा अवघड मांडणीशिल्पही दाखविता येते.

नव्या संग्राहकाची अडचण पैशाची असते असे मानण्याची प्रथा आहे, पण ती अर्धीच खरी आहे. महिन्याच्या पगारातून मोटारीचा किंवा दूरदेशीच्या सहलीचा खर्च करणाऱ्या कुटुंबाला तरुण कलावंताचे रेखाचित्र किंवा मर्यादित प्रतींत छापलेले मुद्राचित्र परवडू शकते; दालने हप्त्यांनी पैसे घेतात हेही फारसे कोणाला ठाऊक नसते. खरी अडचण संकोचाची आहे. कुलाब्यातील एखाद्या जुन्या इमारतीचा जिना चढून, घंटा वाजवून आत जायचे, किंमत कोठेही लिहिलेली नाही, ती विचारली तर आपण परके ठरू की काय ही धास्ती, आणि भिंतीवरचा मजकूर पारिभाषिक इंग्रजीत: या वातावरणात कुतूहल टिकणे कठीण असते. वीकेंडच्या गर्दीत निदान जिना चढण्याचा संकोच मोडतो, आणि म्हणून त्याचे यश त्या चार दिवसांच्या विक्रीवरून मोजणे चुकीचे ठरेल.

किंमतीविषयीचे मौन मात्र तसेच राहिले आहे. जुन्या संग्राहकाला आणि संग्रहालयाला सवलत द्यायची, नव्याला पूर्ण किंमत सांगायची, आणि मागणी असलेल्या कलावंताचे काम कोणाला द्यायचे हे दालनाने ठरवायचे, ही जगभरची रीत आहे आणि तिला कारणेही आहेत. चित्र लगेच लिलावात फिरविणाऱ्यापासून कलावंताचे रक्षण करणे हे त्यांतील एक. तथापि ज्या बाजाराला नवे लोक हवे आहेत त्याने किंमतपत्रक दाराजवळ ठेवण्याइतका धीर दाखवायला हरकत नाही. एकट्या दालनाला असे करण्याची भीती वाटते. सर्वांनी मिळून ठरविले तर वाटणार नाही, आणि संघटनेचे प्रयोजनच ते आहे. सत्यता प्रमाणपत्राचा समान नमुना, विक्रीनंतर चित्राच्या मालकीचा इतिहास सांभाळण्याची पद्धत, तक्रार आल्यास ती कोणी ऐकायची याचा नियम, या गोष्टी उत्सवापेक्षा कंटाळवाण्या असल्या तरी संग्राहकाचा विश्वास त्यांच्यावरच बसतो.

दुसरी मर्यादा भूगोलाची व वर्गाची आहे. मुंबईच्या दालनांचा मुख्य पट्टा आजही कुलाबा ते फोर्ट असाच आहे, जरी खोताची वाडी व वांद्रे येथे काही नवी ठिकाणे निघाली असली. त्याच पट्ट्यात १९५२ पासून जहांगीर कलादालन उभे आहे. तेथे चित्रकार स्वतः भाडे भरून एक आठवडा प्रदर्शन मांडतो, त्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करतो, दिवसभर चित्रांशेजारी बसतो आणि येईल त्याच्याशी मराठीत, हिंदीत बोलून स्वतःच विक्री करतो. महाराष्ट्रातील कलाशाळांतून बाहेर पडणाऱ्या असंख्य तरुणांचा बाजार हा आहे. कलावंताचे सातत्याने प्रतिनिधित्व करणारी आणि त्या बदल्यात विक्रीचा साधारण निम्मा वाटा घेणारी दालने या बाजाराकडे फार क्वचित वळतात, आणि दालनांच्या संघटनेत त्याला स्वाभाविकच स्थान नाही. नवा संग्राहक शोधायला निघालेल्यांनी जहांगीरच्या पायऱ्यांवरची रोजची वर्दळ न पाहणे हा या चळवळीतील सर्वांत मोठा दृष्टिदोष म्हटला पाहिजे. पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि पणजी येथील, चित्रे विकत घेऊ शकणारा, मराठी मध्यमवर्ग तर अजून त्यांच्या नकाशातच आलेला नाही.

करांच्या बाबतीत परिस्थिती थोडी सुधारली आहे. हाताने काढलेल्या चित्रांवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, आणि त्याचा लाभ लहान खरेदीला जाणवण्याजोगा आहे. कायद्यातील दुसरी एक तरतूद मात्र धूळ खात पडली आहे. प्रताधिकार कायद्याच्या ५३-अ या कलमानुसार मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किंमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला किंवा त्याच्या वारसांना त्या किंमतीचा, कमाल दहा टक्क्यांपर्यंत, वाटा मागता येतो. व्यवहारात हा हक्क बजावला गेल्याची उदाहरणे दुर्मिळ आहेत. दालनांनी आपल्या विक्रीच्या पावतीवर या हक्काचा स्पष्ट उल्लेख करण्याचे सामुदायिक बंधन स्वीकारले, तर पहिले चित्र विकत घेणाऱ्यालाही आपण कोणत्या व्यवहारात शिरत आहोत आणि कलावंताशी आपला संबंध पैसे चुकते करून संपत नाही, हे पहिल्याच दिवशी कळेल. अशी पावती छापायला कोणत्याही सरकारी परवानगीची आवश्यकता नाही.