इक्वॉलचा पेपर वाचताना: नमुना घेण्याआधी तिने काय खाल्लं होतं?

पाळी गेल्यापासून सेनगावच्या माझ्या मावशीच्या अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही. मागच्या दिवाळीत तिने विचारलं, "दारात सोयाबीनची थप्पी, आणि मेडिकलवाला म्हणतो सोयाच्या गोळ्या घे. घेऊ का गं?" मी घाईत म्हणाले, "घे, फरक पडेल." हे उत्तर चुकीचं का होतं, ते एका पेपरमुळे कळलं. संशोधनाच्या तयारीत असाल तर तो नक्की वाचा, पण डोळे उघडे ठेवून.

पेपर आहे सेचेल, ब्राउन आणि लिडेकिंग-ओल्सेन यांचा, २००२ सालचा, 'जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मधला. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखे रेणू असतात, त्यांतला एक डायडझीन. तो दाण्यात साखरेला जोडलेला असतो. आतड्यात साखर सुटते. पुढे काही लोकांच्या आतड्यातले जीवाणू त्याचं इक्वॉल करतात, आणि इक्वॉल आपल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला, विशेषतः बीटा प्रकाराला, डायडझीनपेक्षा घट्ट चिकटतं. हे जीवाणू सगळ्यांकडे नसतात. पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के प्रौढ इक्वॉल बनवतात, जपानमध्ये ५० ते ६० टक्के. लेखकांचं म्हणणं असं: सोयाच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, कारण बनवणारे आणि न बनवणारे आपण एकाच टोपलीत टाकतो.

कल्पना जबरदस्त आहे, कारण ती तपासता येते. पण इथेच थांबून एक प्रश्न विचारा. इक्वॉल बनवणाऱ्या बाईला फायदा झाला, तर तो इक्वॉलमुळे की तिच्या आतड्यात इतरही काही वेगळं आहे म्हणून? खूण आणि कारण या दोन गोष्टी आहेत. दोन गटांची नुसती तुलना करून हे सुटत नाही.

सोडवायचा रस्ता सरळ आहे: जी बाई इक्वॉल बनवत नाही, तिला तयार इक्वॉल द्या. जपानमध्ये आसो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हेच प्रसिद्ध केलं. रोज १० मिलिग्रॅम, १२ आठवडे. वाफांची संख्या प्लॅसिबोपेक्षा जास्त घटली. मात्र प्लॅसिबो गटातही ती सुमारे एक तृतीयांश घटली होती! म्हणजे मावशीची शेजारीण "मला गोळीने फरक पडला" म्हणते ते खोटं नाही, पण तो पुरावाही नाही.

आता आपल्याकडची चूक, म्हणजे माझीच. पहिल्या प्रपोजलमध्ये मी लिहिलं होतं: हिंगोली जिल्ह्यातल्या बायकांचे लघवीचे नमुने घेऊ, इक्वॉल सापडेल त्या 'बनवणाऱ्या', बाकीच्या 'न बनवणाऱ्या'. गाइडनी एवढंच विचारलं, "नमुना देण्याआधी त्यांनी सोया खाल्लं होतं का?" मी गप्प. डायडझीन पोटात गेलंच नाही तर इक्वॉल कुठून येणार? म्हणूनच या चाचणीत आधी सलग तीन दिवस सोया देतात, मग लघवीतल्या इक्वॉल आणि डायडझीनचं गुणोत्तर पाहतात. जपानमध्ये टोफू, मिसो रोजच्या जेवणात आहे. आपल्याकडे सोयाबीन पिकतं रग्गड, पण ते मोंढ्यावर जातं. "आम्ही सोयाबीनचंच तेल खातो" हे उत्तरही चालत नाही, कारण रिफाइंड तेलात हे रेणू जवळपास नसतात. ते पेंडीत राहतात. माझ्या पद्धतीने निम्मा जिल्हा उगाच 'न बनवणारा' ठरला असता. शिवाय नुकतंच अँटिबायोटिक घेतलेल्या बाईचे जीवाणू तात्पुरते बदललेले असू शकतात, म्हणून तेही विचारून नोंदवा.

तेव्हा असा पेपर हातात आला की तीन गोष्टी बघा. गट आधी ठरवले होते की निकाल पाहून पाडले? इक्वॉल मोजण्याआधी सोया दिलं होतं का? आणि टक्केवारी कुठल्या लोकांची आहे? जपानचा आकडा उचलून आपल्या प्रस्तावनेत चिकटवू नका.

मावशीला फोन केला. म्हटलं, "गोळी तुझ्या पोटात काम करेलच असं मी म्हणायला नको होतं. आधी डॉक्टरांना दाखव." ती म्हणाली, "मग इतकं शिकून काय उपयोग?" त्यावर काय बोलणार? पण दिवाळीतलं "घे" जास्त महाग पडलं असतं.