आमची चौथी किमो

"आमची चौथी किमो झाली बघा."

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलबाहेर लातूरकडचा एक शेतकरी फोनवर मेहुण्याला सांगत होता. किमो झाली होती शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोची. तिच्या हातावर सुईच्या जागी कापूस आणि चिकटपट्टी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तरी वाक्य सुरू झालं 'आमची'नं. कवितेची ओळ घोळवावी तसं ते वाक्य मी कितीतरी दिवस घोळवत राहिले.

जुन्या वळणाच्या घरांत आमच्याकडे नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. धीराचे शब्द चारचौघांत बोलायची तर रीतच नाही. ती सगळी माया या माणसानं एका सर्वनामात भरली. केस तिचे गेले, मळमळ तिला झाली, मोजणी मात्र दोघांची.

तो बाटली भरायला गेला तेव्हा ती हळूच म्हणाली, "मालकाला झोप न्हाई. रातच्याला उठून गोठ्यात जाऊन बसतेत. मी झोपल्यावानी पडून ऱ्हाते."

इथं मला त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. 'आम्ही' हा शब्द बाहेरच्या माणसाला सांगायचा असतो. ऐकणारा त्यात नसतो. समोरच्याला आत घ्यायचं तर मराठीत 'आपण' म्हणावं लागतं. अमेरिकेतल्या कॅरन कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली कॅन्सरला 'वुई-डिसीज' म्हटलं. त्यांच्या 'वुई'त आम्ही आणि आपण दोन्ही मिसळलेले. आपल्या भाषेनं ते वेगळे ठेवलेत. मेहुण्यापुढं 'आमची किमो' म्हणणारा हा भला माणूस रात्री बायकोशी 'आपल्याला भीती वाटतीय' एवढं बोलू शकत नव्हता. तीही नाही. एकमेकांना जपण्यापायी दोघं दोन ठिकाणी जागे.

कॅनडात कॅरन फर्गस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 'कपललिंक्स' हा ऑनलाइन कार्यक्रम उभा केला तो याच जागी. तरुण वयात स्तनाचा कॅन्सर झालेली स्त्री आणि तिचा जोडीदार, दोघांनी घरी बसून मिळून करायचे स्वाध्याय, सोबतीला समुपदेशक. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'मिळून'. एकट्या रोग्याला धीर देऊन तो थांबत नाही.

लातूरहून बार्शी शंभरेक किलोमीटर. नांदेडहून मुंबईच्या टाटाला जायचं तर रात्रभर रेल्वे. नुसतं बोलण्यासाठी एवढा प्रवास कोण करील? फोन मात्र तुरीच्या बांधावरही लागतो. आणि भरल्या घरात नवराबायकोला दोन शब्द बोलायला जागा मिळते ती बांधावरच. इअरफोनची एक वायर तिच्या कानात, एक त्याच्या. पलीकडून कुणीतरी विचारतंय आणि दोघांना एकदमच ऐकू येतंय. मला हे चित्र फार हवंसं वाटतं.

पण पलीकडची भाषा पुस्तकी असेल, तर दोघंही "बरं हाय" म्हणून फोन ठेवतील. म्हणून बार्शी, लातूर, नांदेडच्या समुपदेशकांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना कळकळीची विनंती: असा कार्यक्रम इथल्या बोलीत करा. प्रश्न अशा नवराबायकोंत बसून लिहा. आणि पहिला प्रश्न 'आपण'नं सुरू होऊ द्या.