एका बंदुकीचे रसग्रहण

नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते, गेला बाजार मिसळीचेही होते. बंदुकीचे मात्र कोणी करीत नाही. वास्तविक आमच्या जालना एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर जाऊन पाहा. पाच-दहा पोरे माना खाली घालून बसलेली असतात आणि वाद चाललेला असतो तो नटाचा नव्हे, पुढाऱ्याचा नव्हे, बंदुकीचा! जिच्यावर इतके बोलले जाते तिला एक समीक्षक नसावा, हे काही बरे नाही. तेव्हा ती जागा आम्ही भरून काढतो.

बंदुकीचे नाव 'कार नाइन्टी-एट'. ती आमच्या घरात भाच्यामुळे आली. भाचा एका रोलिंग मिलमध्ये सळयांच्या तपासणीवर आहे आणि मुक्कामाला आमच्याकडे. एके रात्री तो पलंगावरूनच ओरडला, "मामा, कार मिळाली!" आमची सौ. देवापुढे साखर ठेवायला उठली. मग खुलासा झाला, की कार म्हणजे काराबिनर. जर्मन सैन्याने १९३५ साली स्वीकारलेली माउझर रायफल. आणि ती मिळाली 'पबजी'तल्या एका पडक्या घरात. सौ.ने साखर उचलून परत डब्यात ओतली.

ज्यांना पबजी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, सापडेल ते शस्त्र उचलून एकमेकांना टिपतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश गृहस्थाच्या डोक्यातून हा उद्योग निघाला. २०१७ साली तो संगणकावर आला, २०१८ साली मोबाइलवर. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' असे बारसे होऊन तो परत आला, पुढच्या जुलैत पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. जालनेकरांना हे येणेजाणे नळाच्या पाण्यामुळे अंगवळणी पडलेले असल्याने कोणी फारसे बिचकले नाही. या देशी आवृत्तीत रक्त हिरवे दाखवले, एवढाच फरक. गोळी लागली की माणसातून पालकाचे सूप उडाल्यासारखे दिसते.

आता मूळ कलाकृतीकडे वळू. कारमध्ये गोळ्या पाच. एक झाडली की बोल्ट मागे ओढायचा, पुन्हा पुढे ढकलायचा, मग दुसरी. तेवढ्यात दुर्बिणीवरचा डोळा निघालेला असतो आणि ज्याच्यावर नेम होता तो झाडामागे जाऊन उलट आपल्यावर झाडत असतो. मोबाइलवर अशीही सोय करून घेता येते की बटण दाबून धरायचे, नेम साधायचा आणि बोट उचलले की गोळी सुटते. दाबून होणारी कामे आम्ही जन्मभर पाहिली. सोडून होणारे हे पहिलेच.

खरी गोम पुढे आहे. ही गोळी सेकंदाला सुमारे ७६० मीटर जाते. म्हणजे ३०० मीटरवरच्या माणसापर्यंत पोचायला तिला जवळजवळ ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात पळणारा माणूस दोन मीटरच्या वर पुढे सरकतो. शिवाय गोळी वाटेत थोडी खाली येते ती वेगळीच. म्हणजे माणूस दिसतो तिथे नेम धरला की गोळी वाया! तो जिथे असणार आहे तिथे, त्याच्यापुढच्या रिकाम्या हवेत, आणि तीही जरा वर, नेम धरायचा. भाचा पहिले दोन महिने फक्त हवेचीच शिकार करीत होता.

याउलट ती 'एम-फोर-वन-सिक्स'. तिला नळी, मूठ, दस्ता, दुर्बीण असे सगळे दागिने चढवले की ती नव्या सुनेसारखी शहाण्यासारखी वागते. बटण दाबून ठेवा, गोळ्यांची सर चालू. तीसातल्या चार तरी लागतातच. आमच्या मते ही पेटी आहे. पट्टी दाबली की सूर येणारच. कार म्हणजे सारंगी; सूर कुठे आहे ते तुमचे तुम्हीच शोधा, आणि चुकलात तर अख्ख्या मैफलीला कळेल. शंभर जणांच्या त्या गदारोळात आम्हाला या एकाच शस्त्राला लेखकाचा हात लागलेला दिसतो.

दोष नाही असे नाही. इतके कसब कमावून, रिकाम्या हवेत नेम धरून, बरोबर डोक्यात गोळी घालावी, आणि समोरच्याने तिसऱ्या दर्जाचे हेल्मेट घातलेले असावे! धडधाकट असेल तर तो मरत नाही. दुसऱ्या दर्जाचे असते तर जागीच आडवा झाला असता. तिसऱ्यालाही पुरून उरणारी 'एडब्ल्यूएम' मुख्यतः विमानातून पडणाऱ्या पेटीत मिळते, आणि त्या पेटीभोवती रॉकेलच्या रांगेपेक्षा जास्त गर्दी. विद्येवर लोखंडी टोपीने मात करावी, ही खेळकर्त्यांची चाल आम्हाला पटत नाही.

भाच्याचे म्हणणे मात्र वेगळे. तो म्हणाला, "मामा, ही विद्या मला खेळात नाही कळली, मिलमध्ये कळली." जुन्या पद्धतीच्या मिलमध्ये लालभडक सळई रोलमधून सापासारखी सुटते आणि कामगार ती लांब चिमट्याने पकडून पुढच्या रोलमध्ये घालतो. सळई दिसते तिथे चिमटा नेला तर ती निघून गेलेली असते. ती येणार तिथे चिमटा आधीच असावा लागतो. त्यांच्यातल्या एका पन्नाशीच्या चिमटेवाल्याने एकदा टपरीवर गंमत म्हणून भाच्याचा मोबाइल घेतला. पहिली गोळी हवेत गेली, दुसरीने पळता माणूस आडवा. फोन परत देत म्हणाला, "बरंय रे, ह्याच्यात चटका बसत नाही."

आमच्या परीक्षणात हा मुद्दा आला नसता. आता आला आहे तर सांगतो. त्या गृहस्थाच्या हाताला कोणी मेडल चिकटवत नाही. त्याच्या नावापुढे आकडे चढत नाहीत. पबजीत चढतात, पण तिथेही विद्येचा मान होतो तो कसा? तर रंगाने! बंदुकीला रंगीत कातडे चढवायचे, त्यासाठी पैसे भरून पेट्या उघडायच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर. त्या रंगाने गोळी तसूभर जास्त लागत नाही. भाच्याने एका महिन्यात ओव्हरटाइमचे आठशे रुपये या पेट्यांत घातले. निघाले काय, तर एक टोपी आणि एक पॅराशूट. त्या दिवसापासून तो बिनरंगाची, लाकडी दस्त्याची कारच वापरतो. आमच्या मते ती दिसतेही जास्त चांगली. परवा त्याने तिच्यावर एका फेरीत सात जण टिपले. आठव्याच्या वेळी बोल्ट ओढत असतानाच वीज गेली, वायफाय गेले, आणि सौ. म्हणाली, "बरं झालं. आता पानं घ्या."