माहितीपटाला पैसा मिळतो, करणाऱ्याचं काय?

भारतीय माहितीपटाचे हे दिवस भरभराटीचे वाटतात. पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला २०२१ मध्ये आणि शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला २०२२ मध्ये कान महोत्सवात ‘गोल्डन आय’ हा माहितीपट पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या दोन कोळी मित्रांवरच्या सर्वनीक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’चा २०२३ मध्ये सनडान्सला गौरव झाला. तरीही दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजातून आलेले दिग्दर्शक या प्रकाशझोतात किती, असं विचारलं तर बोटांवर मोजायचीही वेळ येत नाही. कॅमेऱ्यासमोर मात्र हेच समाज असतात.

‘खबर लहरिया’ या वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकारांवरचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२२ मध्ये ऑस्करच्या शर्यतीत असताना त्यांनी जाहीर निवेदन काढलं होतं: चित्रपटात दिसतं ते आमच्या कामाचं अपुरं चित्र आहे. दिग्दर्शकांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. पण याच बायकांपैकी एखादीने स्वतः दीड तासाचा माहितीपट करायचं ठरवलं, तर तिने जायचं कुठे?

एकेकाळी दोन दारं होती. १९४८ साली सुरू झालेलं सरकारी फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. २००० साली उभ्या राहिलेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने दूरदर्शनच्या साथीने शेकडो माहितीपट घडवले, अनेकांना पहिली संधी दिली. त्या आवाक्याचं आज काही उरलेलं नाही. मग उरतात ॲमस्टरडॅमच्या इडफा बर्था फंडासारखे परदेशी निधी. तिथे अर्ज इंग्रजीत, दिग्दर्शकाचं मनोगत इंग्रजीत, नमुन्याचं फुटेज इंग्रजी सबटायटलसह. भिलीत किंवा कुडुखमध्ये चित्रीकरण केलेल्या मुलाला आधी तासन्‌तासांचे रशेस (कच्चं फुटेज) बसून लिहून काढावे लागतात, मग त्यांचं हिंदी, मग इंग्रजी. आणि हा सगळा खर्च अनुदान मंजूर होण्याआधीचा, म्हणजे खिशातला. पुढे पिचिंगला, म्हणजे निधी देणाऱ्यांपुढे, काही मिनिटांत परक्या भाषेत आपलं गाव समजावून सांगायचं. शहरी इंग्रजी शाळेत शिकलेल्याला यात काही वावगं वाटत नाही. मला ही चाळणी अन्यायाची वाटते.

बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कोणत्याही भारतीय भाषेतला प्रस्ताव स्वीकारतं. एवढी साधी गोष्ट इतरांना का जमू नये?

भाषेहून मोठी अडचण वेळेची आहे. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ला चौदा वर्षं लागली. इतकी नाही तरी चार-पाच वर्षं कुठल्याही चांगल्या माहितीपटाला लागतात, आणि त्या काळात दिग्दर्शकाने खायचं काय याचा हिशेब अंदाजपत्रकात क्वचितच धरलेला असतो. कॅमेऱ्याचं भाडं, प्रवास, संकलन, सगळ्याला रकाना असतो. घरभाड्याला नसतो. ज्याच्या पाठीशी घरचा पैसा आहे तो तग धरतो, बाकीचे लग्नाचे व्हिडिओ करायला जातात.

म्हणून मला निवासी फेलोशिप अनुदानापेक्षाही महत्त्वाची वाटते. अमेरिकेत ‘फायरलाइट मीडिया’ गौरेतर नवोदितांना दीड वर्ष मार्गदर्शन आणि पैसा दोन्ही देत आली. अर्थात तिथलाही पाया डळमळला आहे: जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, अशा संस्थांना आधार असलेल्या सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेले १.१ अब्ज डॉलर काढून घेतले.

आपल्याकडे ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ने गोव्यातून वेगळा प्रयोग केला. वंचित वस्त्यांतल्या माणसांना निवासी प्रशिक्षण द्यायचं आणि पुढे प्रत्येक व्हिडिओमागे मानधन. कामाला दाम मिळतो म्हणून माणसं टिकतात. पण ही शिडी काही मिनिटांच्या व्हिडिओपाशी संपते. पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे नेणारी पुढची पायरी कोणी बांधलेली नाही. रांचीत बिजू टोप्पो आणि मेघनाथ यांनी ‘अखरा’ ही संस्था उभी केली, राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. ज्योती निशा यांनी आंबेडकरांवरचा माहितीपट लोकवर्गणीतून सुरू केला. दोन्ही कामं थोर आहेत, पण हिमतीवर झाली, व्यवस्थेमुळे नव्हे.

एनएफडीसीकडे मुंबईतल्या पेडर रोडवरचा आख्खा परिसर आहे, चित्रपटगृहं आहेत, दशकांचा संग्रह आहे. दरवर्षी सहा-आठ नवोदितांना वर्षभराचं पाठ्यवेतन, अनुभवी संकलकाची सोबत, मराठी-हिंदीतून चर्चा आणि लेकुरवाळ्या दिग्दर्शिकेसाठी पाळणाघर, एवढं तिथे आजही सुरू करता येईल.