व्याकरणशुद्ध वाक्यांतील निवड : शुद्धतेपलीकडचा प्रश्न

प्रास्ताविक

मराठीच्या अध्यापनात ‘प्रयोग ओळखा’ आणि ‘अर्थ न बदलता वाक्यरूपांतर करा’ हे दोन प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारले जात आहेत. दुसऱ्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे. एकच आशय अनेक शुद्ध वाक्यांतून जसाच्या तसा सांगता येतो आणि त्यांपैकी कोणते वाक्य योजावे हा फार तर शैलीचा भाग होय, असे ते गृहीतक. प्रस्तुत लेखात उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परस्परांलगतच्या शहरांविषयी सहज लिहिली जाणारी काही वाक्ये घेऊन हे गृहीतक तपासले आहे.

व्याकरणपरंपरेची दृष्टी

मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (१९११) दृढ केलेल्या परंपरेत प्रयोग ठरतो तो क्रियापदाच्या रूपावरून. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, कर्माप्रमाणे बदलते, की कोणाप्रमाणेच बदलत नाही, हे पाहिले जाते. ही दृष्टी चुकीची नाही. तिच्यावाचून शुद्धतेचा निकषच उरणार नाही. मात्र पाठ्यपुस्तकी व्याकरण तेथेच थांबते. बोलणाऱ्याने हाच प्रयोग का निवडला, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे क्वचितच येतो.

उल्हासनगर : कर्ता कोण?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धकालीन लष्करी छावणीत आश्रय मिळाला. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. ‘कॅम्प’ हा शब्द मात्र तेथील पत्त्यांत आजही आहे. या इतिहासाविषयी पुढील वाक्ये पाहावीत.

(१) निर्वासित छावणीत आले.
(२) निर्वासितांना छावणीत यावे लागले.
(३) निर्वासितांना छावणीत ठेवण्यात आले.

तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु अर्थ एक नाही. पहिले वाक्य केवळ घटना नोंदवते. दुसरे परिस्थितीची सक्ती सांगते. तिसऱ्यात कोणी तरी ठेवणारा आहे, पण तो वाक्यात दिसत नाही. कार्यालयीन मराठीला हे ‘-ण्यात आले’ प्रिय असण्याचे कारण येथेच सापडते : कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण वाटते.

याहून सूक्ष्म भेद एका मात्रेचा आहे. ‘निर्वासितांना येथे वसवले’ आणि ‘निर्वासितांनी हे शहर वसवले’. ‘ना’च्या जागी ‘नी’ येताच साहाय्य स्वीकारणारे लोक शहराचे निर्माते होतात. बराकी सरकारी होत्या, हे खरे. बाजारपेठा व लहान उद्योग रहिवाशांनी उभे केले, हेही खरे. म्हणून दोन्ही वाक्ये सत्य आहेत. कोणत्या सत्याविषयी बोलावयाचे आहे हे ठरल्याशिवाय त्यांपैकी एकाची निवड करता येत नाही.

अंबरनाथ : किती ठाऊक आहे?

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ व शिलाहार राजा मुम्मुणी (माम्वाणी) याचे नाव येते. मंदिराचे काम त्याच्या आधीच्या छित्तराजाच्या काळात सुरू झाले असावे, असे अभ्यासक मानतात. ‘मुम्मुणीने मंदिर बांधले’ हे वाक्य शुद्ध आहे. पण ते पुराव्यापेक्षा अधिक सांगते. ‘बांधविले’ म्हटल्यास निदान प्रत्यक्ष बांधणाऱ्या शिल्पकारांना वाक्यात जागा राहते. ‘मुम्मुणीच्या कारकिर्दीत मंदिर पूर्ण झाले’ हे वाक्य उपलब्ध माहितीशी अधिक प्रामाणिक आहे. येथे निवड सौंदर्याची नसून ज्ञानाच्या मर्यादेची आहे.

बदलापूर : वक्ता कोठे उभा आहे?

कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मधील सुमारे ९८ हजारांवरून २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. या वाढीविषयी ‘मुंबईची कुटुंबे बदलापूरला राहायला गेली’ असेही लिहिता येते आणि ‘आली’ असेही. पहिल्या वाक्यातील वक्ता मुंबईत उभा आहे, दुसऱ्यातील बदलापुरात. स्वतःच्या गावाविषयी लिहिणारा विद्यार्थी ‘गेली’ लिहितो, तेव्हा तो नकळत आपले गाव दुरून पाहत असतो.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांविषयी ‘प्रवासी वाचले’ हे वाक्य सुटकेचा आनंद सांगते. ‘जवानांनी प्रवाशांना वाचवले’ हे श्रमाचे श्रेय देते. ‘प्रवाशांना वाचवण्यात आले’ हे श्रेय मोघम ठेवते.

एक आक्षेप

या परिसरातील वर्गांत सिंधी, हिंदी व इतर भाषा घरी बोलणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. त्यांनी आधी शुद्ध वाक्य लिहावे, अर्थच्छटांचा विचार नंतर करावा, असे म्हटले जाईल. शुद्धतेचे प्राथमिकत्व मान्यच आहे. परंतु ज्याची मातृभाषा मराठी नाही, त्याला ही निवड ऐकून-बोलून आपोआप साधत नाही. म्हणून ती त्याला शिकवण्याची गरज अधिकच आहे. शिवाय, उत्तरपत्रिकेतील दोन शुद्ध वाक्यांपैकी एकालाच गुण देणे आणि त्यामागील हेतू न सांगणे, हे त्याच्यावर अन्यायकारक ठरते.

समारोप

वरील उदाहरणांतून असे दिसते की, प्रयोग, प्रयोजक रूप व क्रियापदाची निवड यांनी कर्तृत्व, पुरावा आणि दृष्टिकोन ठरतात. ‘अर्थ न बदलता’ ही सूचना हे सारे झाकून टाकते. तिच्या जागी ‘हे वाक्य कोण, कोणाला, कोणत्या हेतूने म्हणेल?’ असा प्रश्न विचारला जावा. शुद्ध वाक्य लिहिणे हे व्याकरणाचे पहिले उद्दिष्ट होय. योग्य ते शुद्ध वाक्य निवडणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी होय. आपल्या शहराला कोणी घडवले हे सांगताना ‘ना’ लिहावे की ‘नी’, हे ज्याला कळले, त्याला व्याकरण उपयोगी पडले असे म्हणता येईल.